कवकविषे, अन्नधान्यांतील

धान्ये, तेलबिया, पेंड, सुका मेवा इ. पदार्थांवर वाढणाऱ्या काही कवकांच्या (बुरशींच्या) चयापचयात (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक व भौतिक घडामोडींत) तयार होणाऱ्या आणि माणसाला व जनावरांना अपायकारक असलेल्या संयुगांना ‘कवकविषे’ असे म्हणतात. अशी शेकडो संयुगे ज्ञात आहेत. परंतु अन्नसुरक्षेच्या दृष्टीने त्यांपैकी थोडीच महत्त्वाची आहेत. अफ्लाटॉक्सिने, फ्युमोनिसिने, ऑक्राटॉक्सिन-ए, डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, झिरॅलेनोन, पॅट्युलीन व अरगटातील अल्कलॉइडे ही त्यांतील प्रमुख होत.

सूक्ष्मजंतूंमुळे होणारी अन्नविषबाधा व कवकविषांची बाधा यांत मूलभूत फरक आहे. साल्मोनेलासारख्या सूक्ष्मजंतूंनी दूषित झालेले अन्न नीट शिजविल्यास ते जंतू मरतात व धोका बहुधा टळतो. कवकविषे ही जिवंत नसून स्थिर रासायनिक संयुगे आहेत. धान्य धुतले, दळले, भाकरी भाजली किंवा डाळ उकळली, तरी त्यांचा मोठा भाग तसाच राहतो. कवक मेले तरी त्याने मागे ठेवलेले विष नष्ट होत नाही. शिवाय सूक्ष्मजंतूंची बाधा बहुधा काही तासांत किंवा दिवसांत कळते, तर कवकविषे अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात गेल्यास परिणाम फार उशिरा दिसतो व त्याचे कारण रोजचे अन्न आहे, हे ध्यानातही येत नाही. हा रोग एकापासून दुसऱ्यास होत नाही, त्यावर प्रतिजैव औषधांचा (अँटिबायॉटिकांचा) उपयोग होत नाही आणि तो विशिष्ट धान्याशी व विशिष्ट हंगामाशी निगडित असतो.

इतिहास : कवकविषांच्या बाधेचा सर्वांत जुना ज्ञात प्रकार अरगटाचा होय. मध्ययुगीन यूरोपात क्लॅव्हिसेप्स पुर्पुरिया या कवकाने ग्रासलेल्या राय धान्याच्या पावामुळे हातापायांना आग होऊन ते सडण्याच्या साथी वारंवार येत. त्या रोगाला ‘सेंट अँथनीचा अग्नी’ असे नाव होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रशियातील ओरेनबर्ग भागात उपासमारीमुळे लोकांनी हिवाळाभर बर्फाखाली शेतात राहिलेले धान्य गोळा करून खाल्ले. त्यावर फ्युझेरियम वंशातील कवके वाढलेली होती. त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून पुष्कळ लोक मृत्यू पावले. अन्नटंचाईत टाकाऊ धान्य खाण्यात येते व त्यातून विषबाधा होते, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा आढळते.

आधुनिक संशोधनास १९६० मध्ये चालना मिळाली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिले अज्ञात रोगाने मेली. ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड त्यांच्या खाद्यात होती. त्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या कवकाने तयार केलेले विष सापडले आणि कवकाच्या नावातील आद्याक्षरांवरून त्यास ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव देण्यात आले. मक्यावरील फ्युमोनिसिनांचा शोध दक्षिण आफ्रिकेत १९८८ मध्ये लागला.

बाजरीवरील अरगट : मराठी मुलखाशी निकटचा संबंध असलेली नोंद १९५६-५७ सालची आहे. त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटयुक्त बाजरी खाण्यात आल्यामुळे विषबाधेची साथ आली व तिचे वर्णन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजरीवर क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस हे कवक वाढते. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ व दमट हवा असल्यास कणसातून मधासारखा चिकट स्राव गळतो. म्हणून शेतकरी या रोगाला ‘चिकटा’ असेही म्हणतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण कवकपिंड तयार होतात व मळणीत ते दाण्यांत मिसळतात. या पिंडांतील अल्कलॉइडे रायवरील अरगटाहून भिन्न असल्याने येथे हातपाय सडत नाहीत. मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी ही लक्षणे दिसतात आणि धान्य बदलल्यावर रोगी बरा होतो. मिठाच्या २० टक्के विद्रावात (१० लि. पाण्यात २ किग्रॅ. मीठ) बियाणे टाकल्यास हलके कवकपिंड व पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात. भारतीय कायद्यानुसार अन्नधान्यात अरगटाचे प्रमाण वजनाने ०·०५ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये.

विदर्भातील खरीप ज्वारी : वाशीम जिल्हा (१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग) हा मुख्यतः कोरडवाहू, खरीप पिकांचा प्रदेश आहे. मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावांचे धान्य पिकते तो काळ आणि परतीच्या पावसाचा काळ एकमेकांस लागून असतात. कवकविषांच्या दृष्टीने ही परिस्थिती महत्त्वाची आहे. पूर्वीच्या देशी ज्वारीच्या जाती उंच व उशिरा पिकणाऱ्या असत. पाऊस उघडल्यानंतर त्यांचे दाणे भरत. सीएसएच-१ हा भारतातील पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. तो व त्यानंतरचे वाण लवकर पिकणारे व पुष्कळ उत्पन्न देणारे होते. परंतु दाणा पक्व होताना पाऊस लागल्यास कणसांवर बुरशी चढून ज्वारी काळी पडू लागली. उत्पन्न वाढले, पण पावसाळी वर्षी धान्याचा भाव व प्रत दोन्ही उतरली. पुढे १९९० नंतर विदर्भात सोयाबीनखालील क्षेत्र झपाट्याने वाढले व खरीप ज्वारी मागे पडली, त्यास जी कारणे झाली त्यांत हेही एक होते.

काळी पडलेली प्रत्येक ज्वारी विषारी असते असे नाही. काळेपणा आणणारे कर्व्ह्युलॅरिया हे कवक मुख्यतः दाण्याची प्रत बिघडविते. गुलाबी-पांढरट वाढ करणारी फ्युझेरियम कवके मात्र फ्युमोनिसिने निर्माण करू शकतात. उलटपक्षी वरून निकोप दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकते. म्हणून रंग ही सावधगिरीची खूण होय, परीक्षा नव्हे. १९९५ मध्ये दख्खन पठारावरील काही खेड्यांत अवकाळी पावसाने भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्यावर पोटदुखी, पोटात गुरगुरणे व अतिसार अशी बाधा झाली. पाहणी केलेल्या ५० खेड्यांपैकी २७ खेड्यांत ती आढळली. तेथील ज्वारीच्या नमुन्यांत फ्युमोनिसिन-बी१ चे प्रमाण किलोग्रॅममागे ०·१४ ते ७·८ मिग्रॅ. होते. लोकांनी ते धान्य खाणे बंद केल्यावर त्रास थांबला. ज्वारी हे ज्यांचे मुख्य अन्न आहे, त्या सर्व प्रदेशांना ही नोंद लागू पडणारी आहे.

१९७४ ची साथ : भारतातील सर्वांत गंभीर नोंदलेली घटना गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत १९७४ च्या अखेरीस घडली. कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस पडला. मक्याची कणसे भिजली आणि ती तशीच घरात साठविली गेली. काही आठवड्यांत कावीळ, पायांवर सूज व जलोदर (उदरपोकळीत पाणी साचणे) यांनी लोक आजारी पडू लागले. प्रथम ही विषाणूजन्य कावीळ असावी असे वाटले. परंतु ज्या घरांत भिजलेला मका खाल्ला जात होता, तेथेच रोग दिसत होता व त्या घरांतील कुत्र्यांनाही जलोदर झाला होता. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मक्यात अफ्लाटॉक्सिन असल्याचे दाखविले व आपला वृत्तांत १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार ३९७ जणांना बाधा झाली व १०६ जण दगावले. बाधित लोक मुख्यतः गरीब आदिवासी कुटुंबांतील होते. दुसरे धान्य विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती. अशीच साथ २००४ मध्ये केन्यात येऊन ३१७ रुग्णांपैकी १२५ जण मृत्यू पावले. तेथेही कारण दमट जागी साठविलेला मका हेच होते.

अफ्लाटॉक्सिनांची क्रिया : ही विषे मुख्यतः ॲस्परजिलस फ्लेव्हस व ॲ. पॅरासिटिकस ही कवके तयार करतात. जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांत बी१ व बी२ ही संयुगे निळे, तर जी१ व जी२ हिरवे अनुस्फुरण दाखवितात. त्यावरून त्यांना ही नावे पडली आहेत. त्यांपैकी बी१ सर्वांत घातक आहे. यकृतातील एंझाइमांमुळे त्याचे एका क्रियाशील संयुगात रूपांतर होते व ते पेशीतील डीएनए रेणूस चिकटते. मोठ्या मात्रेने यकृताच्या पेशी मरतात. अल्प मात्रा दीर्घकाळ घेतल्यास यकृताचा कर्करोग संभवतो. ब प्रकारच्या विषाणूजन्य काविळीचा जुना संसर्ग असलेल्या व्यक्तीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांना मानवात निश्चितपणे कर्करोगजनक असलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे.

पेंड व दूध : दुभत्या जनावराच्या पोटात बी१ गेल्यास त्याचा थोडा अंश, साधारणतः १ ते ३ टक्के, एम१ या रूपाने दुधात उतरतो. विदर्भात सरकी व सरकीची पेंड गुरांना घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. बोंडअळीने पोखरलेल्या बोंडांत कवकाला शिरकाव मिळतो आणि भिजलेल्या कापसातील सरकीत विष तयार होऊ शकते. भुईमुगाच्या पेंडीचेही तसेच आहे. दूध तापविल्याने किंवा त्याचे पाश्चरीकरण केल्याने एम१ नष्ट होत नाही. मात्र दूषित पेंड बंद केल्यावर काही दिवसांतच दूध पूर्ववत शुद्ध होते. बुरशी आलेले धान्य माणसाने न खाता जनावरास घालणे हा सुरक्षित उपाय नव्हे, हे यावरून दिसून येईल.

साठवण : कवकवाढ मुख्यतः धान्यातील ओलाव्यावर अवलंबून असते. तृणधान्यांत १२ ते १३ टक्क्यांपेक्षा व भुईमुगाच्या दाण्यांत ७ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसल्यास कवके वाढू शकत नाहीत. २५° ते ३०° से. तापमान अफ्लाटॉक्सिन निर्मितीस विशेष अनुकूल असते. विदर्भ व मराठवाडा येथे ज्वारी पेवात (जमिनीतील साठवणीच्या खड्ड्यात) साठवीत. बंद पेवात धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने ऑक्सिजन संपतो व कार्बन डाय-ऑक्साइड साचतो. त्यामुळे किडी मरतात. पेव उघडताच आत उतरणारा माणूस गुदमरतो, त्याचे कारणही हेच होय. परंतु भिंतीतून पाणी झिरपल्यास कडेचे धान्य ओलसर होऊन कुजते व त्यास बुरशी येते. असे धान्य वेगळे काढणे आवश्यक असते. शेणामातीने लिंपलेल्या कणग्या कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवणे हितावह असते. किडीमुळे धान्य तापते व ओलावते, म्हणून कीड आवरणे हाही कवक आवरण्याचाच एक भाग होय.

परीक्षण व कायदा : अफ्लाटॉक्सिन ओळखण्यासाठी प्रथम पातळ थरावरील वर्णलेखन पद्धती वापरीत, नंतर उच्च कार्यक्षमतेचे द्रव वर्णलेखन व प्रतिपिंडांवर आधारलेल्या जलद कसोट्या प्रचारात आल्या. खरी अडचण नमुना घेण्याची असते. हजारो दाण्यांपैकी थोड्याच दाण्यांत विष एकवटलेले असू शकते. त्यामुळे पोत्यातून मूठभर दाणे घेऊन केलेली परीक्षा फसवी ठरते. भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ अन्वये अन्नपदार्थांतील अफ्लाटॉक्सिनाची मर्यादा किलोग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम होती. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नियम २०११ मध्ये अंमलात आले. त्यांनुसार धान्ये व डाळी यांत ही मर्यादा १५ मायक्रोग्रॅम, तर दुधातील एम१ साठी ०·५ मायक्रोग्रॅम अशी ठरविलेली आहे. यूरोपीय संघाने थेट खाण्याच्या भुईमुगासाठी ती ४ मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवल्याने निर्यातीचा प्रश्नही याच्याशी जोडला गेला आहे. मात्र कायद्याचा अंमल बाजारात येणाऱ्या मालावर चालतो. शेतकऱ्याने स्वतःच्या घरी खाण्यास ठेवलेल्या धान्याची तपासणी होत नाही. चांगले धान्य विक्रीस जाते व डागी धान्य घरी उरते, तेव्हा सर्वाधिक धोका पिकविणाऱ्याच्या कुटुंबासच असतो.

प्रतिबंध : तयार झालेले विष घरच्या घरी काढून टाकण्याचा खात्रीचा उपाय नाही, म्हणून ते तयार होऊ न देणे हाच मार्ग होय. ज्वारीच्या दाण्याच्या तळाशी काळा ठिपका दिसू लागला म्हणजे दाणा पक्व झाला असे समजून, पावसाची चिन्हे असल्यास कणसे तेव्हाच कापावी व ती ढीग न करता पसरून वाळवावी. भुईमुगाच्या शेंगा काढताना फुटू देऊ नयेत व त्या लगेच उन्हात वाळवाव्यात. सुरकुतलेले, रंग बदललेले व खवट दाणे निवडून टाकल्याने विषाचे प्रमाण पुष्कळ घटते. भुईमुगाच्या तेलाचे क्षाराने शुद्धीकरण करताना त्यातील अफ्लाटॉक्सिन निघून जाते. पेंडीत मात्र ते राहते. बुरशीला प्रतिकार करणारे वाण निपजविण्याचे काम अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासह (स्थापना १९६९) अनेक संस्थांत झाले आहे. अवकाळी पावसाच्या वर्षी भिजलेल्या धान्याच्या मोबदल्यात निकोप धान्य स्वस्त दराने मिळण्याची व्यवस्था झाली, तर तोच साथ टाळण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.