लहान पुरवठादार आणि मोठी खरेदी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी “धंद्यापाण्यासंबंधी काही उपयोगी लिहा” अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचा पेशा मास्तरकीचा. परंतु मुलाचे नाव शाळेत दाखल करताना वडिलांचा व्यवसाय लिहावा लागतो, आणि पांढुर्णा व सौंसर येथील आपल्या मंडळींचे उद्योग आम्हाला तेथूनच ठाऊक झाले. कोणी शिलाई करतो, कोणी गाद्या-रजया भरतो, कोणी लोखंडी खिडक्या-दरवाजे बनवतो, कोणाच्या घरी बायामाणसे पिशव्या शिवतात. हात कुशल, माल चांगला. पण गिऱ्हाईक लहान. रेल्वे, खाण, सरकारी कचेरी, गिरणी अशी मोठी गिऱ्हाइके आपल्या उंबऱ्याशी येत नाहीत, आणि आलीच तर पैसे वेळेवर येत नाहीत. मोठ्या खरेदीत लहानांना, त्यातही पिढ्यान् पिढ्या मागे राहिलेल्यांना, वाटा कसा मिळतो आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी काय करावे लागते, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

हा विचार नवा नाही. १९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्या व शिक्षण यांच्या जोडीने सरकारी बांधकामांच्या कंत्राटांचाही प्रश्न होता. त्यामागचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. नोकरी एका माणसाला मिळते. काम मिळाले तर त्या कामाच्या आधाराने शेजारची चार घरेही चूल पेटवतात. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योगांचा विचार केला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला. पुढे अमेरिकेत १९६९ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्य समाजांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र कचेरी उघडली, व तेथील मोठ्या कंपन्यांतही अशा पुरवठादारांकडून माल घेण्याची पद्धत पडली.

तोच विचार आपल्या राज्यातही आला. १२ व १३ जानेवारी २००२ रोजी भोपाळला दलित-आदिवासींच्या प्रश्नांवर परिषद भरली आणि तिचे घोषणापत्र निघाले. त्यानंतर मध्यप्रदेश शासनाने आपल्या खरेदीतील ३० टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याचे धोरण ठेवले. २००५ साली पुण्यास मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन केले. शेवटी २०१२ साली केंद्र सरकारने सबंध देशासाठी हुकूम काढला, व १ एप्रिल २०१५ पासून तो बंधनकारक झाला.

हा हुकूम नीट समजून घेऊ. केंद्राची खाती व केंद्राच्या मालकीच्या कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतला पाहिजे. पूर्वी हा भाग २० टक्के होता; २०१८ साली तो २५ टक्के झाला. या २५ पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहेत. शिवाय ३५८ वस्तू अशा आहेत की, त्या लहान उद्योगांकडूनच घ्यायच्या. त्यांत झाडू, बादल्या, चपला, कापडी पिशव्या अशा आपल्या हातच्या वस्तूही आहेत. निविदेचे कागद फुकट मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही.

भावाची सवलतही आहे. समजा, या राखीव यादीत नसलेल्या एखाद्या शिवलेल्या वस्तूचे ४०० नग एका खात्याला हवे आहेत. एका मोठ्या कारखानदाराने सर्वांत कमी म्हणजे १०० रुपये भाव लावला आणि आपल्या एका भगिनीने ११२ लावला. तिचा भाव कमीत कमी भावाच्या वर १५ टक्क्यांच्या आत असल्यामुळे, “तुम्ही १०० रुपयांनी देता का?” असे तिला विचारले जाते. ती कबूल झाली तर निदान चौथा हिस्सा, म्हणजे १०० नगांचे काम, तिला मिळू शकते. मात्र मालाच्या प्रतीत सूट नाही. शिवण उसवली तर माल परत येणारच, आणि ते योग्यच आहे.

येथे एक गैरसमज दूर करावा. ४ टक्क्यांचा भाग आपल्यापैकी बहुतेकांना लागू नाही, म्हणून हे सारे दुसऱ्यांसाठी आहे, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. २५ टक्क्यांचा मूळ वाटा जात-धर्म न पाहता प्रत्येक लहान उद्योगाला आहे, आणि ३ टक्क्यांचा भाग कोणत्याही समाजाच्या स्त्रीला आहे. पण मालकी खरी हवी. नाव पत्नीचे आणि सही-शिक्का सारा आपला, असा प्रकार करू नये. त्यात सरकारचीच नव्हे, घरातल्या माणसाचीही फसवणूक आहे.

गिऱ्हाईक कोठे शोधावे? आपल्याला नागपूर जवळ आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स व मॉयल या केंद्राच्या दोन्ही खाण कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या तेथे आहेत. रेल्वे तर पांढुर्ण्यातूनच जाते. २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेत मागण्या घरबसल्या पाहता येतात. पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना टेबले, कपाटे, सतरंज्या लागणारच. राज्याच्या कचेऱ्यांना मात्र राज्याचे भंडार क्रय नियम लागू आहेत, ते निराळे वाचावेत. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील खाजगी कारखान्यांवर टक्केवारीचे बंधन नाही. तेथे चांगला माल आणि ओळख हीच शिफारस.

आता पैशाची बाजू. ही आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात पाहिली. आमचे वडील गाद्या भरीत. आम्ही नववीत असताना एका वसतिगृहाकडून त्यांना ४० गाद्यांचे काम आले. घरात जणू ईद आली. कापूस उधारीने आणला, कापड उधारीने आणले, आईने व थोरल्या बहिणीने रात्री जागून खोळी शिवल्या. माल पोचला. पैसे मात्र “पुढच्या महिन्यात” येत राहिले. वडील दर सोमवारी जात आणि बाकावर बसून परत येत. त्यांच्याजवळ ना मागणीचा कागद होता, ना माल पोचल्याची सही. अकरा महिन्यांनी थोडी रक्कम मिळाली; तोवर उधारी फेडण्यासाठी कापूस पिंजण्याचे यंत्र विकले गेले होते. काम मिळाले नसते तर ते यंत्र घरात राहिले असते, ही गोष्ट आम्ही अजून विसरलो नाही.

आज कायदा वडिलांच्या बाजूने उभा राहिला असता. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. हे सरकारी व खाजगी दोन्ही खरेदीदारांना लागू आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पसंत पडला असे धरले जाते. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दर महिन्याचे चक्रवाढ, व्याज लागते. दाद मागण्यासाठी राज्यात सुविधा परिषद आहे. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने, असे पैसे वेळेवर न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही.

हा आधार कोणाला मिळतो? ज्याची ‘उद्यम’ नोंदणी आहे त्याला, आणि ती माल देण्यापूर्वीची असावी. मागाहून केलेल्या नोंदणीचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. म्हणून उशीर करू नये. नोंदणी फुकट आहे. आधार व पॅन लागतात. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला नमस्कार करून वाटेला लावावे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हा ४५ दिवसांचा आधार मिळत नाही, बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला मिळतो. तात्पर्य, तीन कागद जपावेत: नोंदणीचा दाखला, लेखी मागणी, आणि माल पोचल्याची तारखेसह सही. सरकारने वाटा ठेवला आहे, पण तो कागद दाखवणाऱ्याच्याच हाती पडतो.

म्हणून ट्रस्टच्या विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ ट्रस्टच्या खोलीत आपल्यातील शिकलेल्या दोन मुलांनी बसावे व नोंदणीचे, जेमचे, पावतीचे काम करून द्यावे. माल पोचला आहे, सही आहे, पण पैसे यायचे आहेत, अशा माणसाला त्या मुदतीपुरते बिनव्याजी हातउसने देण्यासाठी एक लहानसा निधी काढावा. त्यामुळे कोणाचे यंत्र विकले जाणार नाही.

आणि शेवटची गोष्ट आपणा सर्वांसाठी. ट्रस्टही खरेदीदार आहे. मुलांचे गणवेश, मंडप, छपाई, सतरंज्या आपण घेतच असतो. आपण घरोघरही शिंप्याला “ईद झाल्यावर या” असे सांगतो. घामाचे मोल थकवू नये ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. या महोत्सवासाठी ज्यांनी मंडप घातला, बिल्ले शिवले व ही स्मरणिका छापली, त्यांचे पैसे पंधरा दिवसांच्या आत चुकते करावेत. मोठ्यांकडे हक्क मागण्याची सुरुवात आपण तेथूनच करू या.