हात कापतो, त्याला औषध आहे

आमच्या अंबरनाथ पश्चिमेला चाळीत एक शेजारी राहतात. त्यांनी कारखान्यात लेथ चालवली. हात मोठा स्थिर. निवृत्त झाले आणि उजवा हात कापू लागला. हात मांडीवर ठेवला की कापे, काही उचलले की कमी होई. चाल मंदावली. सदऱ्याची बटणे लागेनात. लोक म्हणाले, "चोरून पितात वाटते." आम्ही म्हणालो, "वय झाले." लोक चुकले, आम्हीही चुकलो. तो कंपवात होता. डॉक्टर त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात.

हा आजार कसा होतो? आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते. हालचाल नीट व्हायला ते लागते. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. मग अंग ताठते, हालचाल मंदावते, हात कापतो.

मग डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? ती रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा हे औषध मात्र शिरते आणि आत त्याचे डोपामिन होते. १९६७ साली अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी डोपा थोडा थोडा वाढवून दिला, तेव्हा रोग्यांत मोठी सुधारणा दिसली.

हेच लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत असते. १९३७ साली मद्रासला दामोदरन व रामस्वामी यांनी ते वेगळे काढले. पण म्हणून बिया कुटून खाऊ नका. कोणत्या बीत औषध किती, हे डोळ्यांना दिसत नाही.

गोळीने आजार मुळापासून जात नाही. काही वर्षांनी तिचा जोर पुढच्या गोळीपर्यंत टिकत नाही. नळाला सकाळी तासभर पाणी येते आणि दुपारी हंडा रिकामा होतो, तसेच हे. नवी औषधे ही मधली उणीव भरून काढतात. काही गोळ्या लेव्होडोपा लवकर मोडू देत नाहीत. अमेरिकेत २०१८ साली तोंडाने ओढायची पूड मंजूर झाली. अंग अडले की ती ओढायची. २०२४ साली तिथे एक लहान पंप मंजूर झाला. तो कातडीखाली रात्रंदिवस औषध सोडतो, जसा नळ बारीक धारेने सतत चालू राहावा.

पंप असो वा गोळी, वेळ पाळलीच पाहिजे. आमच्या शेजाऱ्यांना बरे वाटले, म्हणून त्यांनी गोळी मनाने बंद केली. थोड्याच दिवसांत अंथरुणावरून उठता येईना. गोळी एकदम बंद करणे धोक्याचे असते. आता घरच्यांनी गोळीची वेळ भिंतीवर लिहून ठेवली आहे. डाळ, दूध, अंडी यांच्याबरोबर गोळी घेतली तर काहींना तिचा गुण कमी येतो. म्हणून जेवणाआधी किती वेळ घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. रोज चाला, हातपाय हलवा.

परवा शेजाऱ्यांनी सदऱ्याची बटणे स्वतः लावली. त्याला वेळ लागला, पण लावली.

तेव्हा मंडळी, कोणाचा हात कापताना दिसला तर हसू नका, दारुडा म्हणू नका, वयावर सोडू नका. डॉक्टरांकडे न्या.