सुट्टी मुलांची, परीक्षा घराची

एक मे रोजी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन होतं, निकालपत्रक हाती पडतं आणि दप्तर खुंटीला लागतं. मुलं म्हणतात, ‘सुट्टी लागली!’ आईचं काम मात्र त्याच दिवसापासून दुप्पट होतं. दर तासाला कुणाला तरी भूक लागते, कुणाचं तरी भांडण सोडवायचं असतं आणि सकाळी भरलेला माठ दुपारपर्यंत तळाला जातो. जूनच्या मध्यापर्यंतचे हे सहा आठवडे घरानं कसे निभवायचे, याचा आज थोडा विचार करू.

पहिली गोष्ट दिवसाच्या आखणीची. देगलूर भागात ही आखणी घड्याळापेक्षा उन्हाकडं पाहून करावी. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. म्हणून बाहेरचे खेळ आणि कामं सकाळी दहाच्या आत, नाही तर संध्याकाळी पाचनंतर. दुपारी बारा ते चार सावलीत राहायचं. चिंचोके, सागरगोटे, गोष्टीचं पुस्तक, थोडी झोप. मोबाइलची वेळ सगळ्यांसमोर ठरवावी आणि ती मोठ्यांनीही पाळावी. वडीलच जेवताना मोबाइल पाहत असतील, तर मुलांना बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. मे म्हणजे वाळवणाचा महिना. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. तो रात्रभर निवळला की पहाटे शिजवून, ऊन चढायच्या आत कुरडया घालायच्या. एकट्या बाईनं हे करायचं तर कंबर मोडते. पण मुलं हाताशी घेतली, तर तीच एक शाळा होते. गहू आंबतो का, चीक तळाला का बसतो, हे पुस्तकापेक्षा इथं लवकर समजतं. वाटीभर गरम चीक ही त्याची मजुरी! मात्र साचा दाबायला मुलगा आणि राखणीलाही मुलगा बसला पाहिजे. झाडणं, पाणी भरणं, ताटं घेणं ही कामं वाटताना मुलगा-मुलगी असा भेद नको.

तिसरी गोष्ट आजोळाची. आपला तालुका तेलंगण आणि कर्नाटकाला लागून आहे. कुणाचा मामा मदनूरला, तर कुणाची मावशी औरादला. तिन्ही राज्यांच्या सुट्ट्या मात्र वेगवेगळ्या. कर्नाटकातल्या शाळांना साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मेअखेरीस त्या उघडतात. तेलंगणातली सुट्टी एप्रिलअखेर ते जूनचा दुसरा आठवडा. सगळी भावंडं एकत्र भेटायची, तर मेचे पहिले तीन आठवडेच हाती असतात. जाणं-येणं तेव्हाच ठरवावं. तिथं गेलेलं मूल चार शब्द तेलुगूचे, चार कानडीचे घेऊन येतं, ती कमाई वेगळीच.

गावी गेल्यावर पाण्याची काळजी घ्या. विहिरीत पोहायला शिकवताना पूर्वी पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधत आणि जाणता माणूस काठावर उभा असे. आता शेतोशेती शेततळी झाली आहेत. त्यांतलं प्लास्टिक ओलं झालं की इतकं निसरडं होतं, की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेततळ्याला कुंपण हवं, काठाला पक्का बांधलेला, पाण्यापर्यंत पोचणारा दोर हवा आणि मुलांनी एकट्यानं तिकडं जायचं नाही, हा नियम हवा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आई-वडील मशागतीला रानात गेले की दहा-बारा वर्षांची लेक घर सांभाळते. धाकट्याला खेळवते, भाकरी थापते, जनावरांना पाणी दाखवते. आपण कौतुकानं म्हणतो, ‘लेक मोठी झाली.’ तिथंच जपायला हवं. लेकीच्या हातानं घर चालतं असं दिसलं, की जूनमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘आता शाळा कशाला? पुढची शाळा लांब आहे.’ मे ही लग्नसराईही असते आणि मग एखादं स्थळ चालून येतं. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं हा 2006 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे आपल्याला माहीत असतं. पण त्या वाटेवरचं पहिलं पाऊल अनेकदा असं साधं, घरकामाच्या सोयीचं असतं.

म्हणून मुलीलाही रोज दोन तास तरी तिच्या हक्काचे द्या. त्या वेळेत तिला हाक मारायची नाही. खेळू द्या, वाचू द्या, नुसती बसली तरी बसू द्या. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. गावातली शाळा संपली असेल, तर पुढच्या शाळेतला प्रवेश आणि हा पास यांची चौकशी आजच करून ठेवा.

पंधरा जूनच्या आसपास पुन्हा घंटा होईल. खुंटीवरचं दप्तर त्या सकाळी मुलाच्या पाठीवर जाईलच. शेजारचं मुलीचं दप्तर खुंटीवरच राहिलं नाही, तर आपल्या घराची सुट्टी चांगली गेली असं समजावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)