धनादेश खरा, पण पैसे?

विद्यार्थिमित्रांनो, समजा तुमच्या घरची जुनी स्कूटर विकावयाची आहे. एक अनोळखी ग्राहक येतो, घासाघीस न करता वीस हजार रुपयांचा धनादेश लिहून देतो आणि गाडी लगेच न्यावयाची म्हणतो. धनादेश हाती आला म्हणजे पैसे आले का? यात खरे तर दोन प्रश्न आहेत. हा कागद खरा आहे का? आणि या कागदामागे पैसे आहेत का?

प्रथम कागद तपासू. धनादेश उजेडासमोर धरा. सीटीएस-२०१० या प्रमाणाप्रमाणे बनवलेल्या कागदात ‘सीटीएस इंडिया’ हे शब्द जलचिन्हाच्या रूपाने दिसतात. कागद बनवतानाच तेथील जाडी कमीजास्त ठेवलेली असते, म्हणून प्रकाशही कमीजास्त पार होतो. बँकेचे बोधचिन्ह एरवी न दिसणाऱ्या शाईनेही छापलेले असते. ही शाई अतिनील किरण शोषून घेते व दृश्य प्रकाश बाहेर टाकते. यालाच अनुस्फुरण म्हणतात.

आता तळाच्या पांढऱ्या पट्टीतील आकडे पाहा. त्यांच्या शाईत लोहाचे ऑक्साइड असते. यंत्रात ते आधी चुंबकित होतात व मग वाचकाखालून सरकतात. तेव्हा विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने विद्युत् दाब निर्माण होतो आणि त्याच्या चढउतारावरून यंत्र आकडा ओळखते. साध्या शाईला हा गुण नसतो. पट्टीत ६ अंकी धनादेश क्रमांकानंतर ९ अंकी संकेतांक असतो: पहिले ३ अंक शहराचे, पुढचे ३ बँकेचे, शेवटचे ३ शाखेचे. मुंबईचा संकेतांक ४००, पुण्याचा ४११. तेव्हा धनादेशावर मुंबईची शाखा छापलेली असून पट्टीत ४११ दिसले, तर थबकावे.

पण या सर्व कसोट्यांना उतरलेला धनादेशही पोकळ असू शकतो! तो चोरलेल्या चेकबुकातला असेल, खात्यात शिल्लक नसेल, किंवा देणाऱ्याने बँकेला पैसे न देण्याची सूचना दिली असेल. यांपैकी काहीही कागदावर उमटत नाही.

ते कळते फक्त धनादेश वटताना. तुमची बँक कागद स्वतःजवळ ठेवते आणि त्याची प्रतिमा व पट्टीतील आकडे देणाऱ्याच्या बँकेकडे पाठवते. ती बँक सही व शिल्लक पाहून होकार किंवा नकार देते. पूर्वी या प्रतिमा गठ्ठ्याने जात. ४ ऑक्टोबर २०२५ पासून त्या ठरलेल्या वेळात सतत पाठवल्या जातात, म्हणून निकाल लवकर कळतो. तोवर बँकेची पावती म्हणजे केवळ कागद भरल्याचा पुरावा. कधी खात्यात रक्कम दिसते, पण काढता येत नाही.

फसवणारा नेमका हाच मधला वेळ वापरतो. कोणी ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा धनादेश देतो आणि ‘वरचे पैसे रोख द्या’ म्हणतो. पुढे धनादेश परत येतो. माल गेलेला असतो आणि रोकडही!

कायदा आहेच. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ च्या दुरुस्तीने कलम १३८ आले. शिल्लक नसल्याने धनादेश परत आल्यास, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न दिल्यास न्यायालयात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण चोरीचे पान देणारा सापडणार कोठे?

म्हणून गाडी, किल्ली आणि हस्तांतराच्या कागदांवरील सह्या, या तिन्ही गोष्टी पैसे वटल्यावरच द्याव्यात. वटल्याची खात्री ग्राहकाने दाखवलेल्या संदेशावरून नव्हे, तर आपल्या बँकेत विचारूनच करावी. घाई असेल, तर ग्राहकाने रक्कम थेट खात्यात पाठवावी. प्रामाणिक ग्राहकाला यात राग येण्यासारखे काही नाही.

एक सोपा प्रयोग करा. घरातील रद्द केलेला धनादेश वडीलधाऱ्यांकडून मागून घ्या, जलचिन्ह शोधा आणि शहराचे तीन अंक आपल्या गावाच्या पिनकोडशी ताडून पाहा. मग स्वतःलाच विचारा: यावरून खात्यातील शिल्लक कळली का?