परसातील कोंबडी व बदक : जातीची निवड अंड्यांच्या आकड्यावरून नव्हे, अंगणावरून

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून उपनगरी रेल्वेचे दोन मुख्य फाटे निघतात. उत्तरेकडील फाटा कल्याणी, राणाघाट, कृष्णनगर व बनगाव या भागांना जोडतो. दक्षिणेकडील फाटा कॅनिंग, डायमंड हार्बर व लक्ष्मीकांतपूरमार्गे सुंदरबनच्या उंबरठ्यापर्यंत जातो. या दोन्ही दिशांच्या खेड्यांतून भाजीपाला, मासळी, कोंबड्या आणि अंडी महानगरात येतात. उत्तरेकडे नदिया जिल्ह्यात तुलनेने उंच, फळझाडांनी वेढलेली अंगणे आढळतात. दक्षिणेकडे घरोघरी तळे, सखल भातखाचरे आणि खाड्यांचे जाळे आहे. कोंबडी व बदक दोन्हीकडे दिसतात. परंतु कोणता पक्षी कोठे कमी खर्चात टिकतो, हे भूमीच्या या फरकावरून बऱ्याच अंशी ठरते. परसातील पक्षिपालनासाठी जातीची निवड करणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास या प्रदेशाकडून शिकण्याजोगे बरेच आहे.

विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) देशातील परसातील पक्ष्यांची संख्या ३१.७ कोटी असून २०१२ च्या तुलनेत ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. या वाढीचा मोठा भाग अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या अंगणात, आणि बहुधा घरातील स्त्रीच्या देखरेखीखाली आहे. अशा कुटुंबात दहा पिल्ले चुकीच्या जातीची आली, तर तोटा केवळ पिल्लांच्या किमतीचा नसतो. घरातील हातखर्चाचा एक आधार वर्षभरासाठी जातो.

निवडीपूर्वीचे चार प्रश्न

माहितीपत्रकातील वार्षिक अंडी-उत्पादनाचा आकडा हा निवडीचा शेवटचा निकष असावा, पहिला नव्हे. त्यापूर्वी पुढील चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

पहिला प्रश्न : अंगणात पक्ष्याला स्वतः काय वेचता येईल? सांडलेले धान्य, वाळवी, किडे व कोवळे गवत असेल तर कोंबडीचे भागते. गोगलगाई, शिंपले, जलकीटक व पाणवनस्पती असतील तर बदकाचे.

दुसरा प्रश्न : पुढील पिढी कोण उबवणार? घरची खुडुक कोंबडी, गावातील उबवणी यंत्र, की दरवर्षी विकत आणलेली पिल्ले?

तिसरा प्रश्न : अंडी व नर कोठे आणि कोणत्या भावाने विकले जातील?

चौथा प्रश्न : पिल्लांच्या पहिल्या सहा आठवड्यांत ऊब, खाद्य व लसीकरण यांसाठी घरातील कोणाला वेळ देता येईल?

कोंबड्यांच्या जाती : तीन गट

*गावठी व स्थानिक जाती.* गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण ५० ते ६० अंडी देते. हा आकडा लहान दिसतो; परंतु ती स्वतः अंडी उबवते, पिल्ले सांभाळते, घारीची सावली दिसताच त्यांना पंखाखाली घेते आणि झाडावर चढून रात्र काढते. सियालदहच्या उत्तरेकडील नदिया व उत्तर २४ परगणा जिल्ह्यांत ‘हरिणघाटा ब्लॅक’ ही काळ्या पिसांची कोंबडी आढळते. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र स्थानिक जात म्हणून नोंद केली आहे. अशा जाती शतकानुशतके त्या त्या भागातील उष्मा, दमटपणा व रोगांशी जुळवून घेत घडलेल्या असतात. मध्य प्रदेशातील झाबुआची कडकनाथ हीदेखील स्थानिक जात असून तेथील कडकनाथच्या मांसास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या मांसास भाव चांगला मिळतो. मात्र कडकनाथ कोंबडी सहसा खुडुक होत नाही, ही बाब खरेदीपूर्वी लक्षात घ्यावी.

*परसासाठी विकसित केलेले संकर.* हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा व ग्रामप्रिया हे वाण विकसित केले. वनराजा अंडी व मांस अशा दुहेरी उपयोगाचा असून परसात वर्षाला सुमारे १०० ते ११० अंडी देतो. ग्रामप्रिया प्रामुख्याने अंड्यांसाठी असून १६० ते १८० अंड्यांची अपेक्षा ठेवता येते. दोन्हींची पिसे रंगीत व अंडी तपकिरी असल्याने ग्राहक ती गावठी अंड्यांप्रमाणे स्वीकारतो. वनराजा अंगाने जड असतो. अतिरिक्त खाद्य दिल्यास चरबी वाढून अंडी घटतात आणि जडपणामुळे कुत्रा, मुंगूस किंवा रानमांजर यांच्या तावडीतून निसटणे त्यास कठीण जाते. ज्या अंगणास कुंपण नाही, तेथे हलक्या अंगाची ग्रामप्रिया अधिक सोयीची ठरते.

*शुद्ध सुधारित जाती.* मूळ अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड ही तांबड्या पिसांची जात देशात अनेक दशकांपासून वापरात आहे. शुद्ध जात असल्याने तिच्या पुढील पिढीतही गुण बऱ्याच अंशी टिकतात. पांढऱ्या लेगहॉर्नचे अंडी-उत्पादन अधिक असले, तरी मोकळ्या अंगणासाठी ती टाळावी. पांढरा रंग घारीच्या नजरेत सहज भरतो आणि ही जात पिंजऱ्यातील संतुलित आहारावरच आपले पूर्ण उत्पादन दाखवते.

बदकांच्या जाती

दक्षिणेकडील फाट्यावरील गावांत ‘पाती हाँस’ म्हणजे गावठी बदक घरोघरी असते. सकाळी ते तळ्यात किंवा कापणी झालेल्या भातखाचरात जाते आणि सायंकाळी परतते. पुराचे पाणी अंगणात शिरले तर कोंबडी अडकते, बदक तरते. दमट हवेत व चिखलातही त्याची प्रकृती टिकते. बंगाली स्वयंपाकात बदकाच्या अंड्यास मानाचे स्थान असल्याने कोलकात्याच्या बाजारात त्यास कायम मागणी असते.

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही सर्वाधिक प्रचलित सुधारित जात होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर येथे ॲडेल कॅम्पबेल यांनी ती विकसित केली. तिच्या पूर्वजांत इंडियन रनर हे बदक होते. नावात ‘इंडियन’ असले तरी रनर बदकाचे मूळ इंडोनेशियाच्या बेटांवर आहे. उत्तम व्यवस्थापनात खाकी कॅम्पबेल वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. मात्र हा आकडा पूर्ण आहाराचा आहे. बंदिस्त ठेवलेल्या बदकास रोज १२० ग्रॅम किंवा त्याहून अधिक खाद्य लागते. तळे किंवा खाचर नसल्यास त्याचा खर्च अंड्यांच्या उत्पन्नावर मात करू शकतो.

मांसासाठी चीनमधील मूळची पांढरी पेकिन उपयुक्त असून ती झपाट्याने वाढते. दक्षिण अमेरिकेतील मूळची मस्कोव्ही ही तिसरी निवड. ती कमी ओरडते, चारा चांगला खाते आणि स्वतः अंडी उबवते. मस्कोव्ही व सामान्य बदक यांच्या संकरातून होणारी पिल्ले वांझ निघतात. म्हणून पैदास करावयाची असल्यास त्यांचे कळप वेगळे ठेवावेत.

बदकास पोहण्यासाठी तळे असलेच पाहिजे, हा समज खरा नाही. चोच व डोके बुडेल एवढ्या खोलीचे स्वच्छ पाणी पुरेसे होते. तळे हवे ते प्रामुख्याने आहारासाठी. बदके बहुतेक अंडी पहाटे देतात. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास त्यांना बाहेर सोडावे, अन्यथा अंडी पाण्यात किंवा खाचरात हरवतात. कोंबडीचे उत्पादन पहिल्या वर्षानंतर लक्षणीय घटते. बदक दुसऱ्या वर्षीही चांगली अंडी देते. बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन या विषास बदके अत्यंत संवेदनशील असल्याने जुनाट मका किंवा भुईमुगाची दमट पेंड त्यांना कदापि देऊ नये.

पुढील पिढीचा प्रश्न

वनराजा व ग्रामप्रिया हे संकर आहेत. त्यांच्या घरच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांत मूळ गुण एकसारखे उतरत नाहीत, आणि या कोंबड्या सहसा खुडुकही होत नाहीत. याचा अर्थ असा की संकर पाळणाऱ्याने दर दीड-दोन वर्षांनी अधिकृत उबवणी केंद्रातून नवी पिल्ले आणण्याची तयारी ठेवली पाहिजे. ही सोय नसलेल्या दुर्गम पाड्यावर १६० अंड्यांच्या जातीपेक्षा ५५ अंड्यांची गावठी कोंबडी अधिक वर्षे उत्पन्न देते.

खाकी कॅम्पबेलचीही हीच अडचण आहे. ती क्वचितच उबवते. बंगालमध्ये बदकाची अंडी खुडुक गावठी कोंबडीखाली ठेवण्याची जुनी पद्धत आहे. कोंबडीची अंडी २१ दिवसांत, सामान्य बदकाची २८ दिवसांत, तर मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत फुटतात. बदकाचे अंडे मोठे असल्याने एका कोंबडीखाली सहा ते आठच ठेवावीत. म्हणूनच सुधारित कळपातही दोन-तीन गावठी कोंबड्या राखणे हिताचे ठरते.

एकाच अंगणात दोन्ही पक्षी

कोंबडी व बदक एकत्र ठेवण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु येथेच सर्वाधिक धोका आहे. बर्ड फ्लूच्या विषाणूने बाधित बदक अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता विष्ठेतून विषाणू बाहेर टाकते; तोच विषाणू कोंबड्यांचा कळप काही दिवसांत संपवू शकतो. तळ्यावर उतरणारे स्थलांतरित पक्षी ही साखळी पूर्ण करतात. महाराष्ट्रात फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे देशातील पहिला उद्रेक नोंदला गेला, तो व्यावसायिक फार्मवर. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातून पसरलेला उद्रेक मात्र मुख्यतः परसातील पक्ष्यांचा होता. लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि त्यांत गरीब कुटुंबांची अंगणे रिकामी झाली.

यासाठी दोन्ही पक्ष्यांची खुराडी, पाण्याची भांडी व चरण्याची जागा स्वतंत्र ठेवावी. बदकांनी वापरलेले पाणी कोंबड्यांना देऊ नये. कोंबडीखाली उबवलेली बदकाची पिल्ले स्वतंत्रपणे जगू लागताच वेगळी करावीत. बदकांची जागा सदैव ओली राहत असल्याने कोंबड्यांमध्ये रक्ती हगवणही वाढते, हे विभक्त ठेवण्याचे आणखी एक कारण. अचानक अनेक पक्षी दगावल्यास ते विकू, खाऊ किंवा तळ्यात टाकू नयेत. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. मानमोडीची लस बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही, हेही पशुपालकांना स्पष्टपणे सांगावे.

महाराष्ट्रातील निवड

भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर येथील मालगुजारी तलावांचा प्रदेश आणि कोकणातील भातखाचरे यांचे दक्षिण बंगालशी साम्य आहे. तेथे गावठी किंवा खाकी कॅम्पबेल बदकाचा विचार करता येतो. परंतु अंड्यांचा खरेदीदार आधी निश्चित करावा, कारण बदकाच्या अंड्यास येथे कोलकात्याएवढी मागणी नाही. भात लावणीनंतर रोपे रुजेपर्यंत आणि ओंब्या आल्यानंतर बदके खाचरात सोडू नयेत. कीटकनाशक फवारलेल्या शेतात तर मुळीच नाही.

मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात बदकाचा आग्रह धरू नये. कुंपण व उबवणी केंद्राची सोय असेल तेथे ग्रामप्रिया, नरांच्या विक्रीस बाजार असेल तेथे वनराजा, आणि सातपुड्यासारख्या डोंगराळ भागात गावठी कोंबडी हा क्रम व्यवहार्य आहे. पिल्ले मुंबईतील आरे येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्था, पुण्यातील खडकी येथील शासकीय उबवणी केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्राने खात्री दिलेल्या ठिकाणाहूनच घ्यावीत.

नव्या पशुपालकाने दहा ते पंधरा पक्ष्यांपासून आरंभ करावा. एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी व ती दर आठवड्यास साधारण तीन अंशांनी कमी करावी. हे शक्य नसल्यास सहा आठवड्यांची, लसीकरण झालेली तलंग विकत घ्यावी. किंमत अधिक पडली तरी मरतूक कमी होते. आठ ते दहा माद्यांमागे एक कोंबडा, सहा ते आठ माद्यांमागे एक नर बदक पुरेसा होतो. केवळ खाण्याची अंडी हवी असल्यास नराची गरज नाही.

विस्तार कार्यकर्त्याने जातीची शिफारस करण्यापूर्वी अंगणात एक फेरी मारावी : पाणी कोठे साचते, कुंपण कोठे तुटले आहे, गावात खुडुक कोंबड्या किती आहेत आणि आठवडी बाजारात कोणते अंडे विकले जाते, हे पाहावे. शिफारशीचे नाव त्या फेरीनंतरच लिहावे.