तंबूतल्या फ्रिजला बॅटरी कोणती?

घरातल्या बुजुर्गांचे इन्सुलिन सोबत असेल, तर तंबूतल्या मुक्कामात फ्रिज ही चैन राहत नाही. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते. गोठले तर ते फेकावेच लागते. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चालताना साधारण ४ अँपिअर घेतो. निम्मा वेळ चालला, तर चोवीस तासांत ४८ अँपिअर-तास. उन्हात त्याहून जास्त.

१०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलात, तर लवकर खराब होते. म्हणजे हाती ५०च. शिवाय वजन पंचवीस किलोच्या आसपास! लिथियम आयर्न फॉस्फेटची ६०ची जवळपास तेवढेच काम निम्म्याहून कमी वजनात करते. महाग आहे, तरी माझी पसंती तिलाच. गाडीच्या बॅटरीवर मात्र रात्रभर फ्रिज लावू नका. फजरनंतर निघायचे आणि गाडीच सुरू होत नाही, अशी वेळ येते.