डनॉटर : मुकुट वाचवणारा, माणसे कोंडणारा किल्ला

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्टोनहेवन गावाच्या दक्षिणेला डनॉटरचा कातळ समुद्रात शिरला आहे. जवळून पाहिले तर गोल गोटे चुन्यात कालवून बसवावेत तसा हा खडक दिसतो. कडे सुमारे 50 मीटर उंच. मुख्य भूमीशी जोडणारी जागा अगदी चिंचोळी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम कीथ या सरदाराने इथे दगडी वाडा बांधला. जागा चर्चची, म्हणून त्याच्यावर बहिष्काराची पाळी आली.

किल्ल्याचे नाव झाले ते इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेने घातलेल्या वेढ्यामुळे. एडिनबरा पडले होते, म्हणून स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार इथे ठेवली होती. सप्टेंबर 1651 मध्ये इंग्रज फौज येऊन बसली. किल्लेदार जॉर्ज ओगिल्व्हीकडे सत्तरच्या आत माणसे. तरीही किल्ला आठ महिने झुंजला. 24 मे 1652 रोजी दरवाजे उघडले, तेव्हा आत मुकुट नव्हता! जवळच्या किनेफ गावच्या धर्मगुरूची पत्नी ख्रिश्चन फ्लेचर हिच्या मदतीने ही राजचिन्हे आधीच बाहेर पोहोचली होती. शेवाळ वेचणाऱ्या मोलकरणीकडे ती कड्यावरून दोरीने सोडली, असेही सांगतात. पुढची आठ वर्षे ती किनेफच्या चर्चमध्ये लपून राहिली.

ही गोष्ट सगळे सांगतात. दुसरी मात्र घाईने उरकली जाते.

1685 च्या मे महिन्यात याच किल्ल्याच्या तळघरात 167 माणसे कोंडली गेली: 122 पुरुष, 45 स्त्रिया. चर्चवर राजाची सत्ता त्यांना मान्य नव्हती, एवढाच गुन्हा. वारा यायला जेमतेम जागा, पायाखाली चिखल. काहींनी कड्यावरून उतरून पळायचा प्रयत्न केला, त्यात काही पडून मेले. उरलेल्यांतल्या अनेकांना जहाजात भरून अमेरिकेतल्या वसाहतीकडे पाठवले. वाटेत कितीतरी दगावले.

1715 च्या, पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या जॅकोबाइट बंडात कीथ घराण्याने भाग घेतला आणि जहागीर गेली. नव्या मालकांनी किल्ल्यातले विकण्याजोगे सगळे काढून नेले. 1925 मध्ये लेडी काउड्रे यांनी डागडुजीला हात घातला, म्हणून आज निदान भिंती तरी शाबूत आहेत.

राजचिन्हे एडिनबराच्या किल्ल्यात पाहायला मिळतात. ती पाहून डनॉटरला जाल, तर वाड्याचे फोटो काढून लगेच परत फिरू नका. ते तळघर अजून आहे. तिथे थोडा वेळ जरूर थांबा.